वाढायची खिडकी

मी खिडकी उघडली आणि पलीकडे माणूस होता.

खिडकी उघडल्यावर पलीकडे माणूस दिसला यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. पण ही खिडकी घराबाहेर उघडणारी नव्हे. जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीतली, सागवानी, दोन झडपांची, कमरेच्या जरा वर. बंगला नंबर तीनमधलं माझं हुकमाचं पान. अठरा पाहुणे समोर उभे करायचे, "आता बघा हं..." म्हणायचं आणि दोन्ही झडपा एकदम उघडायच्या. पलीकडे रिकामं स्वयंपाकघर, ओट्यावर पडलेलं डिसेंबरचं ऊन. सगळे "वाऽ!" म्हणतात. दर रविवारी म्हणतात.

त्या रविवारी ऊन होतं, ओटा होता, आणि बरोबर मधोमध एक गृहस्थ मान वर करून बाटलीतून घटाघटा पाणी पीत होता.

त्याने डोळे तिरके करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. पाणी हनुवटीवरून ओघळून सरळ शर्टात गेलं.

"मॅडम," मागून कॉलेजची एक पोरगी म्हणाली, "हे पण साठ सालचे आहेत का?"

"नाई जी," तो शर्ट झटकत शांतपणे म्हणाला, "मी अठ्ठ्याहत्तरचा. ओरिजिनल हाय पण. काही बदललं नाई."

सगळे खो खो हसले. मी झडपा धाडकन लावल्या. मला वाटतं, माझ्या प्रेमाची सुरुवात अशी दार आपटून झाली.

चिखला गावाच्या अलीकडे डाव्या हाताला वळलं की आमची टेकडी लागते. वर सात बंगले. साठ सालाच्या आसपास एका खासगी खाणमालकाने आपल्या इंजिनिअरांसाठी बांधलेले. खाण केव्हाच बंद पडली, इंजिनिअर गेले, बंगले राहिले. देखभालीला माझा मामा, तुलाराम, राहिला. आंधळगावला आई वारली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आईच्या आजारपणात लग्नाची गोष्ट राहून गेली ती गेलीच. मामाने म्हटलं, "चाल माह्यासंगं, दोन भाकरी टाकशील तं टाक." मी आले. भाकरी टाकता टाकता एके दिवशी स्टोअरमध्ये पत्र्याची एक लांब नळी सापडली. तिच्यात निळे नकाशे होते, सातही घरांचे.

मला काय कळणार त्यातलं? बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. पण रोज दुपारी मी एक नकाशा हातात घेऊन एका घरातून हिंडायची. ही रेघ म्हणजे ही भिंत. हा अर्धा गोल म्हणजे दार उघडतं ती बाजू. असं करत करत घर वाचायला शिकले. एकदा नागपूरच्या आर्किटेक्चर कॉलेजचे प्रफुल्ल सर सहज फिरत आले. त्यांना मी सांगितलं की सहा नंबरची गोल खिडकी नकाशात डावीकडे आहे आणि घरात उजवीकडे, म्हणजे गवंड्याने नकाशा उलटा धरला होता. सरांनी तो नकाशा उलटा धरून पाहिला आणि तिथेच लोकांना इथे आणायचं ठरवलं. पुढच्या वर्षीपासून डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी पाहुणे यायला लागले. नागपूरहून रेल्वेने तुमसरपर्यंत, तिथून ट्रॅव्हलर गाडीने टेकडीवर. आणि बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी रुपाची रुपा मॅडम झाले होते.

त्या साली ट्रॅव्हलरवर नवा ड्रायव्हर होता. भुपेंद्र. मोहाडीचा. पाणी पिणारा.

टूर संपल्यावर चहा असतो, तीन नंबरमध्येच. त्या दिवशी कप गोळा करून मी खिडकीशी ठेवायला गेले, तर झडपा उघड्या, आणि पलीकडे गृहस्थ बाह्या वर करून नळाखाली कप धूत होता.

"तुम्ही कशाला?" मी म्हटलं.

"शर्ट तसाही ओलाच हाय."

"आत कुठून आलात? समोरचं दार तर मी लावून घेतलं होतं."

"मागून."

"मागचं दार कोणाला माहीत नसतं. झाडीत आहे ते."

"मले माहीत हाय," तो कप पालथा घालत म्हणाला. "मोरीच्या बाजूनं तीन पायऱ्या, मंग दार. दाराले वरून कडी. आत आलं का उजव्या हाताले ओटा. माही माय ह्याच घरात कामाले होती जी. चंद्रभागाबाई. मी ह्या घरात पाय आजच ठेवला. पण मायनं इतक्या वेळा सांगतलं का मले अंधारात बी सोडलं तं मी मीठ शोधून देईन."

"आणि समोरून यायला काय झालं?"

त्याने पुढचा कप घेतला. "सुचलंच नाई," म्हणाला. "मायच्या गोष्टीत ह्या घराले समोरचं दारच नाई."

मी कप पुढे सरकवत राहिले, तो धूत राहिला. त्या खिडकीतून दुरून अख्खा माणूस दिसतो, पण पलीकडे नळाशी उभ्या माणसाचं तोंड जवळून बघायचं तर वाकावं लागतं. सरळ उभं राहिलं की फक्त हात दिसतात. त्याच्या उजव्या अंगठ्यावर एक जुना भाजल्याचा डाग होता. बोटं लांब. कप धुताना कडेवरून अंगठा असा फिरवायचा, की... जाऊ द्या. पोरींनो, हसू नका. तुमच्याकडे मोबाईलमध्ये अख्खा माणूस येतो. मला दर रविवारी कोपरापर्यंतच मिळायचा.

आणि एक अडचण होती. आमच्याकडे दिसेल त्या माणसाला भाऊ म्हणतात. बसवाला भाऊ, दूधवाला भाऊ, पोस्टमन भाऊ. भुपेंद्रभाऊ म्हणायला माझी काही जीभ झडली नसती. पण दुसऱ्या रविवारी मी "अहो ड्रायव्हर साहेब" म्हणाले. तिसऱ्या रविवारी नुसतं "अहो."

"भाऊ काहून नाई म्हणत तुमी मले?" खिडकीतून आवाज आला.

"का? सगळे म्हणतात तेवढं पुरत नाही?"

"नाई, पुरते." हात थांबले. एक कप दोनदा धुतला गेला. "विचारलं फक्त."

जानेवारीत एके रविवारी अवेळी पाऊस आला. पाहुणे छत्र्यांवाचून गाडीकडे पळाले, आणि आम्ही दोघं तीन नंबरच्या पोर्चमध्ये अडकलो. म्हणजे गाडी वीस पावलांवर होती. अडकण्यासारखं काही नव्हतं. तरी अडकलो.

त्या बंगल्यांची छतं मधे खोलगट आहेत, दोन्हीकडून उतरत आलेली, उघडं पुस्तक उताणं ठेवावं तशी. सगळं पाणी मधे जमतं आणि एका लांब सिमेंटच्या पन्हाळीतून खालच्या दगडांवर पडतं. त्या धारेमागे उभं राहिलं की समोरची टेकडी, खालची कापलेली धानाची बांधी, तणसाचे ढीग, सगळं हलतं दिसतं. ओल्या मातीबरोबर धानामागून पेरलेल्या लाखोळीच्या डाळीच्या हिरव्या वेलींचा वास येत होता.

भुपेंद्र वर बघत होता. डोक्यावर दहा फुटांचा काँक्रीटचा छज्जा, पुढे झेपावलेला.

"याले खांब नाई?"

"नाही."

"पडणार तं नाई?"

"साठ वर्षं पडला नाही. आजच का पडेल?"

"आज मी खाली उभा हाय नं. माह्या नशिबाचं सांगता येत नाई." मग जरा वेळाने, "मंग धरलं कोनं याले?"

"जेवढा बाहेर दिसतो, त्याहून जास्त आत गेलेला आहे. भिंतीच्या आत, छताच्या आत. मागचं वजन पुढच्याला धरतं. ते दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं अधांतरी आहे."

तो वरच बघत राहिला. पन्हाळीची धार बारीक होत गेली. मग म्हणाला, "माह्या गुड्डीची आई गेली, त्याले आठ वर्षं झाले. पोरगी नागपूरले नर्सिंग करते. लोक म्हणतात, भुपेंद्रचं कसं चालते, कोनाचा आधार नाई. म्हटलं, चालते." छज्ज्याकडे बोट करून हसला. "आता सांगीन. आत गेलेला हाय म्हणून."

मी ओढणीचं टोक पिळत राहिले. ते भिजलेलंसुद्धा नव्हतं.

त्याच दिवशी गाडीत चढता चढता तो थांबला. "एक गोष्ट सांगू? राग नाई ना येणार?"

"सांगा."

"तुमी लोकायले सांगता, ही वाढायची खिडकी म्हणजे नव्या जमान्याची, गरम गरम पोळी सरळ टेबलावर, बाईले येरझाऱ्या नको, म्हणून केली."

"नकाशावर तसंच आहे. 'सर्व्हिंग' लिहिलंय."

"लिहिलं असंन. पण मायले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, आत यायचं नाई, खिडकीतून द्यायचं. सहा वर्षं तिनं त्या घरचं जेवण वाढलं, अन् जेवणाची खोली पाह्यली नाई. माय घरी येऊन सांगे, 'बाप्पा, हात ओळखते मी त्याह्यचे, तोंडं नाई.'" तो स्टिअरिंगवर बसला. "नकाशात नसंन ते."

गाडी गेली. मी घरात येऊन ती खिडकी उघडली, लावली, उघडली. अकरा वर्षं मी ह्या घरांचं कौतुक केलं, आणि एका बाईला आत येऊ नको म्हणणारी ही जागाच मी सगळ्यात जास्त कौतुकाने दाखवत होते. मला लाज वाटली. आणि त्याने ती गोष्ट चारचौघांत न सांगता मला एकटीला सांगितली, याचं फार बरं वाटलं.

आता यापुढे मी काय करायला हवं होतं, हे तुम्हाला कळतंय. मला नाही कळलं.

पुढच्या रविवारी तीन नंबरमध्ये मी झडपांवर हात ठेवला आणि नवी गोष्ट सांगितली. चंद्रभागाबाईची. अगदी रंगवून. "सहा वर्षं ती बाई हात ओळखायची, तोंडं नाही..." इथे मी थांबले, आणि मग हळू, दुःखाने झडपा उघडल्या. चांगलं जमलं होतं. कोणीतरी डोळे पुसले. तीन-चार जणांनी खिडकीचे फोटो काढले. एका बाईने तर खिडकीच्या चौकटीत स्वतःचा हात ठेवून काढला.

पलीकडे भुपेंद्र उभा होता. धुवायला घेतलेली किटली हातात.

त्याने किटली ओट्यावर ठेवली आणि मागच्या दाराने निघून गेला. चहाचे कप त्या दिवशी मीच धुतले. पाहुणे निघाले तेव्हा मी गाडीच्या खिडकीशी गेले. "अहो..."

"माह्या मायची गोष्ट मी तुमाले सांगतली होती," तो समोरच्या काचेतून बघत म्हणाला. "टूरले नाई."

पुढच्या रविवारी गाडीवर दुसराच माणूस होता. ईश्वर नावाचा, फार बडबड्या. "भुपेंद्रले वऱ्हाड हाय," म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारीही ईश्वरच. "आज बी वऱ्हाड?" मी विचारलं. ईश्वरने माझ्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच गप्प बसला, म्हणजे बघा.

फेब्रुवारीचा एकच रविवार उरला होता. मार्चमध्ये ती छतं तापतात, टूर बंद होते, गाडी बंद होते. मग भुपेंद्रला ह्या टेकडीवर यायला जगात एकही कारण उरत नव्हतं. डिसेंबरात येईल म्हणावं, तर प्रफुल्ल सर दर वर्षी गाडी बदलणार, ड्रायव्हर बदलणार. मी तीन नंबरच्या पोर्चमध्ये उभी राहून छज्ज्याकडे बघितलं. आत किती गेलेला आहे, ते मलाही आत्ताच कळत होतं.

मामा म्हणाला, "तोंड असं करून बसण्यापरीस जाऊन ये मोहाडीले."

"कशाला?"

"बाजार हाय. भटे आन."

वांगी आमच्या परसात लागली होती. मामाने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मोहाडीत घर विचारत गेले. भुपेंद्र घरी नव्हता, खरंच वऱ्हाड घेऊन गेला होता. अंगणात एक बारकीशी म्हातारी सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"कोन पायजे?"

"चंद्रभागाबाई... मी रुपा. टेकडीवरची."

"तुलारामची भाची?" तिने सूप खाली ठेवलं. "बैस. पहिले दर रविवारी तुहं नाव घेतल्याबिगर त्याचं जेवन होत नोयतं. रुपा मॅडम असं म्हने, रुपा मॅडम तसं म्हने. दोन आठोडे झाले, नाव नाई. तवाच म्हटलं, काही तरी केलं कोनी तरी."

"मी केलं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. सांगताना रडू नये असं ठरवलं होतं. "तुमची गोष्ट मी तुम्हाला न विचारता लोकांना सांगितली. तुमचं नाव घेऊन. लोकांना आवडावी म्हणून रंगवून सांगितली. चुकलं माझं."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "लोकायले आवडली का?"

"...हो. फार."

"अन् त्या गोष्टीत तुले मी कोन वाटले?"

मी सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"मले तिथं घेऊन चाल," ती म्हणाली. "पाह्यते तरी, माही गोष्ट काय हाय ते. येईन मी रविवारी. त्याच्याच गाडीत येईन. वऱ्हाड असो का काही."

शेवटचा रविवार. मी पहाटेपासून तीन नंबर झाडत होते. मोझॅकची फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. तिच्यात आमच्याच खाणीतल्या काळ्या दगडाच्या कपच्या आहेत, त्या ओल्या झाल्या की चमकतात. समोरच्या दाराची पितळी मूठ चिंचेने घासली. दारात रांगोळी काढली. मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. दोन्ही दारं सताड उघडायची, आणि चंद्रभागाबाईंना हाताला धरून समोरून आत न्यायचं. प्रफुल्ल सरांना म्हटलं होतं, आज कोणी फोटो काढायचे नाहीत.

गाडी आली. भुपेंद्र उतरला, माझ्याकडे न बघता त्याने मागचं दार उघडलं, मायला उतरवलं. नवं लुगडं, डोक्यावर पदर. अठरा पाहुणे बाजूला झाले. मी दारात उभी, रांगोळीच्या पलीकडे, नवरीची आई असावी तशी.

चंद्रभागाबाईंनी पोर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उजवीकडे वळून घराच्या कडेने सरळ मागे चालत गेल्या.

"माय, समोरून ये नं," भुपेंद्र म्हणाला.

"समोरून कायले? हे जवळ हाय."

अठरा पाहुणे माझ्याकडे बघू लागले. मी भुपेंद्रकडे. त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. इतक्या दिवसांनी. मग प्रफुल्ल सर म्हणाले, "चला, आज मागून," आणि सगळी वरात झाडीतून मागच्या दाराला गेली.

असा त्या दिवशी मी बंगला नंबर तीन पहिल्यांदा मागून नीट पाहिला.

टूर मी दिलीच नाही. चंद्रभागाबाईंनी दिली. तिसऱ्या पायरीची कड कमानीसारखी झिजली होती, ती मी पावसाने झिजली असं समजत होते. "विळा घासू घासू झाली ते," त्या म्हणाल्या. छताजवळची जाळी, जिचा मी "सावलीचं नक्षीकाम" असा उल्लेख करते, तिथून पलीकडच्या घरातल्या मोलकरणीशी गप्पा चालत. "आवाज बरोबर जाये, अन् मालकिनीले समजे नाई का कोनीकडून येते." ओट्याखालच्या फरशीवर त्यांनी पाय सरकवला. "उन्हाळ्यात दुपारी मी इथं निजो. अशी थंडी फरशी मी जिंदगीत पाह्यली नाई. देव भलं करो त्या गवंड्याचं."

मग त्या खिडकीपाशी आल्या. झडपा लावलेल्या होत्या. सगळे जवळ सरकले.

"मले पहिल्या दिवशी म्हटलं, आत येऊ नोको," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "वाईट वाटलं. घरी जाऊन रडले. हे खरं हाय. पन आठ दिवसानं ध्यानात आलं, का ही झडप लावली का इकडं माहं राज. कोनी येत नाई. मी गानं म्हनो. पयली पोळी मीच खाओ. मालकीन चिडली का मी इथं उभी राहून तिले जीभ दाखवो, अशी..." आणि त्यांनी खरोखरच दाखवली. पाहुणे हसायला लागले. "अन् हे कोनी पाह्यलं का नाई?"

त्यांनी डाव्या झडपेवर बोट ठेवलं. लाकडाची एक गाठ निखळून तिथे बोराएवढं भोक पडलं होतं. "इथून पाहो मी, ताटं खाली झाले का नाई ते. तोंडं दिसत नोयती, पन ताटं सारी दिसत."

अकरा वर्षं. हजार वेळा उघडली असेन मी ती झडप. उघडली की ती भिंतीकडे जायची आणि भोक दिसेनासं व्हायचं. समोरून ते नुसत्या काळ्या गाठीसारखं वाटतं, भोक आहे हे कळायला खिडकी लावून मागे उभं राहावं लागतं, आणि मी कधी मागे उभीच राहिले नव्हते. पाहुण्यांनी एकेक करून त्या भोकातून पाहिलं. कोणाच्याही हातात मोबाईल नव्हता.

"वाईट बी होतं, अन् बरं बी होतं," चंद्रभागाबाई माझा हात धरून म्हणाल्या. "सांगायचं तं दोन्ही सांगत जाय, पोरी. एक सांगशीन तं मी अर्धीच राह्यते."

मी त्यांच्या पाया पडले. उठताना त्यांनी माझ्या कानाशी म्हटलं, "त्याले बोलता येत नाई समोरासमोर. बापासारखा हाय." आणि मागच्या पायरीवर जाऊन बसल्या, ऊन खात.

पाहुणे सरांबरोबर चार नंबरला गेले. मी चहाचे कप गोळा करून जेवणाच्या खोलीत आले. खिडकी अजून बंद होती. पलीकडे नळाचा आवाज.

"अहो," मी झडपेला म्हटलं.

नळ बंद झाला.

"चुकलं माझं. मायजवळ बोलले, तुमच्याजवळ राहिलं."

"मले राग सांगतल्याचा नोयता," पलीकडून आवाज आला. "तुमी फार चांगलं सांगतलं, त्याचा होता. लोक वा वा करत होते, अन् मी किटली घेऊन उभा. वाटलं, मी तुमाले जे देल्लं, ते..." शब्द सापडेना बहुतेक. "घरातलं होतं ते."

"कळलं मला. उशिरा कळलं."

"मायले आणलं तुमी. तिच्या तोंडून सांगू देल्लं. चाळीस वर्षांत तिले कोनी विचारलं नोयतं, का तुले कसं वाटे म्हणून. मी बी नाई." जरा थांबून, "मेहरबानी तुमची."

मी कप हातात धरून उभी. झडप उघडावी की नको...

"काहून लावून ठेवली खिडकी?" मी विचारलं.

"उघडली तं बोलता नाई येणार."

"बरं. मग लावलेली राहू द्या."

बाहेर पळसावर कुठला तरी पक्षी ओरडत होता. सात बंगल्यांत मिळून तेवढाच आवाज.

"आज शेवटचा रविवार," तो म्हणाला.

"हो."

"मार्चात कोनी येत नाई इथं."

"नाही. छत तापतं."

"मी येऊ का?"

मी हातातले कप खाली ठेवले. "मार्चमध्ये टूर नसते."

"म्हणूनच."

"...कशाला याल?"

पलीकडे कप पालथा घातल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "पाणी प्याले."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. अकरा वर्षं मी घरांच्या वतीने बोलत आले. आपल्या वतीने बोलायची वेळ आली तर वाक्य कुठून सुरू करायचं तेच माहीत नाही. तरी बोलले. "तुम्ही नाही आलात ते दोन रविवार, मी कप धुतलेच नाहीत नीट. मामा म्हणाला, चहाला साबणाचा वास येते. मार्चात या. एप्रिलातही या. मोहाची फुलं पडतात तेव्हा टेकडी फार छान दिसते. आणि... मी तुम्हाला भाऊ कधीच म्हणणार नाही."

पलीकडे पावलं सरकल्याचा आवाज आला. मी वाकून त्या बोराएवढ्या भोकाला डोळा लावला. तिकडून एक डोळा आधीच लागलेला होता.

दोघंही दचकून मागे झालो. आणि मग मी दोन्ही हातांनी झडपा उघडल्या. ओट्यावर ऊन होतं. तो होता, अख्खा. बाह्या वर केलेल्या, हात ओले, आणि चेहऱ्यावर असं काही, जे कोपरापर्यंत बघून मला कधी कळलंच नसतं. त्याने ओला हात खिडकीतून पुढे केला. मी धरला.

"उघडली का रे खिडकी?" मागच्या पायरीवरून चंद्रभागाबाई ओरडल्या. "का मीच येऊन उघडू?"

तो मार्चच्या दोन तारखेला आला. बसने. मामाने त्याला विचारलं, "भटे आनले का?" आणि आपणच हसत परसात निघून गेला.

यंदाही डिसेंबरात टूर सुरू झाली. तीन नंबर आम्ही मागच्या दारानेच दाखवतो आणि समोरून बाहेर पडतो. खिडकीपाशी मी दोन्ही सांगते, वाईट बी आणि बरं बी, चंद्रभागाबाईंनी पाठ करून घेतलंय तसं. आधी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत उभं करते. "आता बघा हं..." म्हणते, आणि झडपा उघडते.

पलीकडे ऊन असतं, ओटा असतो, आणि मधोमध एक गृहस्थ मान वर करून घटाघटा पाणी पीत असतो. मुद्दाम.

शर्ट दर रविवारी भिजतो. वाळत मी घालते.